मागचं उजवं चाक

१४ जून, शनिवार

अखेर गाडी दारात आली. दहा वर्षांची, रुपेरी, छोटी. आदेशची होती. आदेश म्हणजे माझ्या नवऱ्याचा, हरेशचा, चुलतभाऊ, पेणला त्याचा गणपतीचा कारखाना आहे. त्याने टेम्पो घेतला म्हणून ही काढली. "वयनी, इंजिन बघा, लोण्यासारखा हाय," असं तीन वेळा म्हणाला. इंजिनाबद्दल मी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे उगीच शंका आली. मग शंका आल्याची लाज वाटली. घरचा माणूस आहे.

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. बैल घेताना बघतात तसं बघत होत्या. म्हणाल्या, "गारीचा तोंड चांगला हाय. मागून जरा सुकी वाटते." आई गाडीला गारीच म्हणतात. लिहितानाही तसंच ठेवते, नाहीतर ते वाक्य त्यांचं राहत नाही.

गाडी का घेतली ते एकदा नीट मांडून ठेवते. पेणची पाणी तपासायची लॅब बंद झाली आणि मला रोह्याच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला नोकरी लागली. रेल्वेची वेळ आणि माझी शिफ्ट जुळत नाही, एसटीने जाऊन-येऊन मी अर्धी झाले. हरेश जहाजावर आहे, दिवाळीशिवाय येत नाही. कंपनीतल्या नम्रताच्या घरी वरची खोली रिकामी आहे. ती खोली घेतली तर मी सोमवार ते शनिवार रोह्याला आणि आई इथे खाडीकाठी एकट्या. आईंना रोह्याला चला म्हटलं, तर "मना डोंगरात झोप येत नाय" म्हणाल्या.

म्हणून असं ठरलं: जुलैअखेरपर्यंत गाडीने जाऊन-येऊन बघायचं. जमलं तर इथेच. नाही जमलं तर १ ऑगस्टपासून खोली.

१६ जून, सोमवार

जमेल असं वाटत नाही.

वडखळपासून नागोठण्यापर्यंत ठीक. खड्डा आला की मागून धाडकन उडत होती, पण जुन्या गाडीचं चालायचंच म्हणून सोडून दिलं. पुढे रोह्याच्या रस्त्याला भिसे खिंडीत डाव्या वळणावर मागचा भाग बाहेर निघाला. मी स्टिअरिंग धरलंय एका दिशेला आणि पाठीमागून कोणीतरी गाडी ढकलतंय दुसऱ्याच दिशेला. फार नाही, हातभर असेल. पण रस्ता ओला, आणि समोरून सिमेंटचा ट्रक.

दोष गाडीचा की माझा? लायसन काढून पुष्कळ वर्षं झाली, पण रोज चालवण्याचा सराव नाही. वळणावर मी ब्रेक दाबला होता का? दाबला असावा. आठवत नाही. ज्याची नोंद नाही त्यावरून निष्कर्ष काढू नये.

घरी आल्यावर आईंनी विचारलं, "कशी चालली?" म्हटलं, "ठीक." माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

१९ जून, गुरुवार

तीन दिवस लक्ष ठेवून पाहिलं.

डाव्या वळणावर मागचा भाग बाहेर जातो, ब्रेक न लावताही. उजव्या वळणावर जात नाही, पण गाडी डावीकडे लवते. खड्ड्यात उजवं मागचं चाक उडतं, डावं तेवढं नाही. पंपावर हवा तपासली, मागच्या दोन चाकांत फरक होता. सारखी करून घेतली. मोठ्या आशेने खिंडीत गेले. काही फरक नाही.

दोष गाडीचाच, हे आता म्हणता येईल. बरं वाटलं, आणि मग वाईट वाटलं. म्हणजे आदेशला माहीत होतं का?

जेवताना आईंना सांगितलं की मागून उजवीकडे उडते.

"उजवी म्हंजे तुझी उजवी का गारीची?"

"दोन्ही एकच, आई. मी आतच बसलेली असते."

"मंग बरा," म्हणाल्या आणि भात वाढला.

२२ जून, रविवार

वडखळला केरू मिस्त्रीकडे गेले. आईंना बाजारात सुकट घ्यायची होती म्हणून त्याही बरोबर. मिस्त्रींनी अलाइनमेंट करून दिली, टायरवरून हात फिरवला, एक चक्कर मारून आले.

"मॅडम, गाडी रिकामी चालवता तुम्ही. मागे वजन नाय, म्हणून उडते. मागे चार माणसं बसवा, कशी बसते बघा."

"रोज चार माणसं कुठून आणू?"

"शेअर रिक्षा चालू करा," म्हणाले आणि स्वतःच हसले.

आई मागच्या सीटवर सुकटीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काच खाली करून विचारलं, "म्हंजे वजन पायजे?"

"व्हय काकी, वजन."

"उजव्या अंगाला?"

"तिकडंच उडते म्हणतात ना मॅडम."

आईंनी काच वर केली. परत येताना गप्प होत्या. सुकटीचा भाव जास्त लावला होता, त्यामुळे असेल.

२४ जून, मंगळवार

चमत्कार! केरू मिस्त्रींबद्दल मनात जे जे आलं होतं ते सगळं मागे घेते.

आज गाडी नीट चालली. खिंडीत डाव्या वळणावर मी श्वास रोखून धरला होता, पण ही शहाण्यासारखी वळली. खड्ड्यातही उडाली नाही, नुसती दणकली. सगळी किमया अलाइनमेंटची. काल मात्र असं वाटलं नव्हतं. अलाइनमेंट परवाच झालेली असताना काल गाडी का उडावी? कदाचित नव्या मापात चाकं बसायला एक दिवस लागत असेल. हे पटत नाही, पण दुसरं कारण दिसत नाही.

घरी आले तर आई दारातच. "आज कशी चालली?"

"मस्त!"

"हां," एवढंच म्हणाल्या, पण चहा न मागता आला आणि त्यात आलं होतं.

रात्री त्या खांद्याला तेल चोळत होत्या. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, "जुना दुखना." मिठागरात वीस वर्षं डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या आहेत, दुखणं निघणारच. चोळून देऊ का म्हटलं, तर नको म्हणाल्या.

३० जून, सोमवार

नम्रताने खोली दाखवली. छान आहे. खिडकीतून कुंडलिका नदी दिसते, बाथरूम स्वतंत्र. नम्रता म्हणाली, "ताई, सकाळी साडेसातला उठलात तरी चालेल." हे ऐकून माझा जीव खोलीत अडकला, खोटं कशाला लिहू. तिला जुलैअखेरपर्यंत नक्की सांगायचं आहे, एक नर्सबाई पण विचारून गेल्या आहेत.

पण गाडी चांगली चालत असताना खोली घ्यायचं कारण काय? आळस? फक्त आळसासाठी सासूला एकटं ठेवायचं?

आईंनाच सरळ विचारलं. पापलेट साफ करता करता म्हणाल्या, "घे ना खोली. मना काय व्हते? मी काय लहान हाय?"

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मना काय वाटाचा?" आणि पापलेटाचं डोकं असं उडवलं की ते मांजरापर्यंत गेलं.

संध्याकाळी हरेशचा फोन. तो म्हणाला, तू ठरव, आईला विचार. म्हटलं, विचारलं, त्यांची काही हरकत नाही. तो म्हणाला, "तिची हरकत नाही? नक्की?" म्हटलं, त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्याच्या तिकडे कसलातरी भोंगा वाजला आणि फोन ठेवावा लागला.

५ जुलै, शनिवार

गाडीत एक नवा आवाज. थांबले किंवा निघाले की मागून गळगळ. पाण्याच्या हंड्यासारखा. पेट्रोलचा असेल असं धरून चालले.

मागे उतरून पाहत होते तर आई आल्या. "डिकी उघडू नको. ओली हाय."

"ओली कशाने?"

"पाऊस नाय का परत?"

डिकीत पाऊस कसा पडेल? पण जुनी गाडी, रबर गेलं असेल. एरवीही मी डिकी वापरत नाही. डबा आणि छत्री मागच्या सीटवरच ठेवते.

पडवीत मिठाचा ढीग आहे, घरी वापरायला आणि गावात द्यायला मे महिन्यात आणून ठेवलेला. त्यावरचं प्लास्टिक खूप खाली बसलंय. आईंना म्हटलं, मीठ बरंच कमी झालं. त्या म्हणाल्या, "पावसात पगलते ते." पगळतं खरं, खडं मीठ हवेतलं पाणी ओढतंच. पण एवढं? आणि पगळलं तर जमीन ओली नको का? मग लक्षात आलं की मी गाडीवरून आता मिठाच्याही चौकशीला लागले आहे. हा स्वभाव आवरायला हवा.

९ जुलै, बुधवार

गाडी पुन्हा थोडी उडायला लागली. उभी असते तिथे मागे उजवीकडे जमिनीवर ओला डागही पडतो. कंपनीतून लवकर सुटले म्हणून केरू मिस्त्रींकडे गेले. त्यांनी खाली वाकून बॅटरी मारली.

"शॉकर गेला मॅडम, उजवा. बघा, सगळा तेल बाहेर."

मीही वाकले. शॉक अ‍ॅब्सॉर्बरची नळी खरंच ओली होती. मिस्त्री म्हणाले, दोन्ही बदलायला लागतील, रविवारी घेऊन या. मी बरं म्हटलं आणि निघाले, पण निघण्यापूर्वी त्या ओलीला बोट लावलं. तेल नाही. बोटं एकमेकांवर घासली तर बुळबुळीत लागत नाही, चिकट लागतं. तेलाचा वासही नाही.

मिस्त्रींना सांगावंसं वाटलं, पण त्यांचा धंदा त्यांना कळतो आणि मी पावसात वाकून एक बोट लावलंय. तरीही पर्समध्ये फिल्टर पेपर होता. त्यावर थोडं टिपून घेतलं.

१० जुलै, गुरुवार

सकाळी लॅबमध्ये पोचताच पहिला प्रश्न: स्वतःच्या गाडीसाठी कंपनीचं सिल्व्हर नायट्रेट वापरावं का? थेंबच लागणार, पण तो थेंब कंपनीचा. शेवटी नम्रताला विचारलं, ती इनचार्ज आहे.

ती खो खो हसली. "ताई, लोक इथून हातमोजे नेतात भांडी घासायला. घाला एक थेंब. रजिस्टरमध्ये लिहून ठेवू का? 'नमुना: शॉकर'?"

थेंब टाकला. पांढरं, दह्यासारखं. क्लोराइड, आणि तेही भरपूर. तेल नाहीच, हे मीठ आहे!

नम्रता म्हणाली, "तुमच्याकडे गाड्यासुद्धा खारवतात वाटतं, सुकटीसारख्या?"

परत येताना उलगडा झाला. आज पौर्णिमा, उधाणाची भरती. आमच्या गावच्या रस्त्यावर खाडीचं पाणी येतं आणि मी रोज त्यातून गाडी घालते. तेच पाणी खाली अडकतंय. इतकं सरळ कारण, आणि मी तेलाच्या मागे लागले होते.

घरी येऊन मोठ्या उत्साहाने आईंना सांगितलं की उजव्या शॉकरवर मीठ सापडलं. आई ताडकन उठल्या, आत गेल्या आणि काहीही काम नसताना बराच वेळ डबे हलवत राहिल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "चावी दे. मी आतून झारून काढते गारी."

"नको आई. रविवारपर्यंत काही हलवायचं नाही. तपासणी चालू असताना नमुना जसाच्या तसा ठेवावा लागतो."

"येवढी घान हाय आत."

"असू दे."

एरवी चावी दारामागच्या खिळ्याला असते. आजपासून पर्समध्ये ठेवणार आहे. आईंना साफसफाईची सवय आहे, नकळत काहीतरी पुसून टाकतील.

१३ जुलै, रविवार

शॉकर बदलायला गेले नाही. आधी एक गोष्ट पडताळून पाहायची होती.

शॉकर मेला की स्प्रिंगला आवरणारं कोणी राहत नाही, गाडी दाबून सोडली की वरखाली होत राहते. हे एका व्हिडिओत पाहिलं, पटलंही. म्हणून अंगणात उभं राहून मागचे दोन्ही कोपरे दाबून पाहिले. डावा दबतो, वर येतो, थांबतो. ठीक. उजवा? दबतच नाही. अंगाचा सगळा भार टाकला तरी नाही. म्हणजे मेल्याची लक्षणं नाहीत, उलट तो लाकडासारखा ताठ आहे. चाक आणि पत्रा यांतली फट पाहिली. डावीकडे तीन बोटं मावतात, उजवीकडे चार.

सीताबाई, शेजारच्या, कुंपणाशी येऊन बघत होत्या. आईंना म्हणाल्या, "तुझी सून गारीचे पाय चेपते काय गो?" आई म्हणाल्या, "माझे चेपाला वेल नाय तिला." दोघी हसल्या. मग सीताबाईंनी विचारलं, "जाते म्हनं रोह्याला?" आई म्हणाल्या, "जाईल नाय तं काय! शिकलेली हाय. कोन रोज येवढा जाईल-येईल?"

मी गाडीच्या पलीकडे वाकलेली होते. ऐकू आलं. आवाजात काही दुःख नव्हतं, उलट मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. म्हणजे त्यांना खरंच चालणार आहे. मला का लागलं मग?

तशीच अंगणात गोणपाट टाकून आडवी झाले आणि मोबाइल हात लांब करून चाकाच्या आत धरला, फोटो काढले. डाव्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांमधून आरपार दिसतं. उजव्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत काळा, जाड गोळा अडकवलेला आहे. रबर.

आदेशला फोटो पाठवला. लगेच फोन आला. मागे कंप्रेसरची घरघर, सीझन चालू आहे त्याचा.

"अरे वयनी! तो आमचा बफर हाय! विसरलोच मी!" मग सगळं सांगितलं. गिऱ्हाइकांच्या मूर्ती पोचवताना मागे वजन झालं की गाडी खाली बसायची, खड्ड्यात आपटली की मूर्तीला तडा. म्हणून दोन्ही स्प्रिंगांत रबराचे बफर घालून घेतले होते. "दोन होते. डावा कुठंतरी पडला वाटते. हायवेवर बाप्पालाच ठाऊक."

"रिकामी गाडी उडते त्याने."

"माझी रिकामी कधी होती वयनी? कायम तीन गणपती मागे बसलेले!"

त्याला खरंच आठवलं नव्हतं, याची खात्री पटली. महिनाभर मनात त्याच्यावर संशय घेऊन फिरले. उद्या त्याला खरवस पाठवते.

पण एक प्रश्न उरतो. रबर पहिल्यापासून आहे, तर मधले पंधरा दिवस गाडी नीट का चालली?

१७ जुलै, गुरुवार

कालपासून खोलीचा विचार करते आहे. गाडीचं दुखणं रविवारी दूर होईल, तरीही.

बाजूने: वेळ वाचेल, झोप मिळेल, पावसात खिंड टळेल, आईंची हरकत नाही. विरुद्ध: आई एकट्या. पण त्यांना मी असण्याने काय फरक पडतो? सकाळी अंधारात जाते, संध्याकाळी दमून येते, आमचं बोलणं काय तर "कशी चालली" आणि "ठीक". एवढ्यासाठी त्या माझी वाट पाहतात असं समजणं हा माझा अहंकार तर नाही?

नम्रताला अजून हो म्हटलेलं नाही. रविवारनंतर म्हणेन बहुतेक.

आईंनी आज पुन्हा चावी मागितली. दिली नाही.

२० जुलै, रविवार

हे सावकाश लिहायला हवं.

आईंना म्हटलं, चला वडखळला, येताना बाजार करू. पाय दुखतो म्हणाल्या. एकटीच गेले. केरू मिस्त्रींना फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, डोकं खाजवलं. "तरीच! बरं झाला शॉकर नाय बदलला, तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या." चाक काढायला गाडी जॅकवर घेतली. काढलेल्या बाजूला आधार म्हणून स्टेपनी गाडीखाली सरकवतात, म्हणून ते डिकीकडे गेले. डिकी उघडली, तळाचा पुठ्ठा उचलला आणि तसेच उभे राहिले.

"मॅडम, मिठाचा धंदा चालू केलाय काय?"

स्टेपनीच्या खळग्यात, बहुतेक उजव्या बाजूला, तांदळाच्या जुन्या पिशव्या दाबून बसवल्या होत्या. तोंडं सुतळीने बांधलेली. आईंची गाठ, मी ती कुठेही ओळखेन. पिशव्या पगळून अर्ध्या झाल्या होत्या आणि खळग्यात खारं पाणी साचलं होतं. गळगळ, ओला डाग, क्लोराइड, पंधरा दिवसांचा चमत्कार, सगळं एका जागी. पत्र्याला तांबूस फोड आले होते.

मिस्त्री हसून हसून खाली बसले. "काकींनी माझा ऐकला! मी चार माणसं बोललो, त्यांनी मीठ बसवला!" मग पत्रा बघून उठले, पाइप आणून सगळं गोड्या पाण्याने धुतलं, खालून स्प्रिंग, नळी, सगळं. रबर काढलं. गंजावर लाल रंग मारला. म्हणाले, वेळेवर आलात.

मी बाकावर बसले होते. राग येईल म्हणून वाट बघत होते, तो येईना.

घरी आले तर आई ओट्यावर, समोर मोकळी पाटी आणि हातात काहीच काम नाही. पाय दुखत नव्हता. रिकाम्या पिशव्या मी त्यांच्यापुढे ठेवल्या.

"गावली?" म्हणाल्या.

"आई, मला विचारलं का नाहीत?"

"तूच बोललीस, उजवीकडं उडते. मिस्त्री बोलला, वजन पायजे. घरात दुसरा वजन काय हाय? दगड टाकला तं वाजेल. मीठ गप बसते."

"आणि मला न सांगता?"

"सांगितला तं तू बोलली असतीस, मीठ लोखंड खाते."

"खातंच ते!"

"मना शिकवते काय? जलम गेला मिठात. आमच्या खारीवरच्या फावऱ्यांची पाती बघितलीस कवा?"

"मग माहीत असूनही टाकलंत?"

त्यांनी पिशव्या एकीत एक घालायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "येवढा जाड पत्रा खायाला मिठाला दोन पावसाले लागतात. दोन पावसाले तू घरी आली असतीस ना, रोज."

मी ओट्यावरच बसले. महिनाभरात त्यांनी मला एकदाही जाऊ नको म्हटलं नव्हतं, आणि मी ते लिहून ठेवत होते, हरकत नाही म्हणून.

"मग 'घे खोली' कशाला म्हणालात?"

"तू इचारलास म्हनून. इचारनाऱ्याला काय 'नको जाव' बोलाचा? मी काय सासू हाय?" मग स्वतःच थांबल्या. "म्हंजे, हाय. पन तशी नाय."

आम्हां दोघींनाही एकदमच हसू आलं. माझं लवकर थांबेना, मग ते हसूच होतं असंही नाही. आईंनी पदराने माझं नाक पुसलं, ऋतुजा लहान असताना तिचं पुसायच्या तसं, दाबून. माझी मुलगी आता पुण्याच्या हॉस्टेलला आहे, आणि मी पंचेचाळीस वर्षांची.

हरेशला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तरी मी विचारत होतो, नक्की का म्हणून!" आईंनी पलीकडून ओरडून सांगितलं, "गारीत मीठ तुझ्या बायकोनीच शोधला, रसायन टाकून. हुशार हाय. जरा उशिरा कलते येवढाच."

२१ जुलै, सोमवार

गाडी, रिकामी, रबराशिवाय, मिठाशिवाय. भिसे खिंडीत डावं वळण. वळली. उजवं वळण. वळली. खड्डा. मागची दोन्ही चाकं एकत्र खाली गेली, एकत्र वर आली. खिंड संपल्यावर गाडी बाजूला घेऊन मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले.

हे आपण शोधलं, याचा अभिमान वाटला. मग वाटलं, अर्धंच शोधलं. महत्त्वाचं अर्धं डिकीत होतं आणि मी डिकी उघडलीच नाही.

नम्रताला खोली नको म्हणून सांगितलं. तिने कारण विचारलं. म्हटलं, गाडी सुधारली. हे खरं आहे, पण पूर्ण नाही. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा जाऊन पूर्ण सांगितलं. ती डबा उघडायचा विसरली. मग म्हणाली, "ताई, माझी सासू माझ्या स्कूटीची हवा काढते. पण ती मी माहेरी जाऊ नये म्हणून." आणि डबा उघडता उघडता म्हणाली, "एकच की हो ते."

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज खोलीत राहायला गेले असते.

पाऊस, नागोठण्याला रस्त्याचं काम, त्यात एक कंटेनर आडवा. गाड्यांची रांग हलेना. फोनची बॅटरी गेलेली. गाडीला काही झालं नाही, बिचारी तासभर एका जागी उभी होती. घरी पोचले तेव्हा आठ कधीच वाजून गेले होते.

आई कंदील घेऊन रस्त्यापर्यंत आलेल्या. दिवे गेले नव्हते, तरी कंदील. मी गाडीतून उतरायच्या आत सुरू झाल्या.

"ही काय यायची वेल झाली? चिखलात उभी मी कवापासून! यापरीस रोह्याला खोली घेतली असतीस तं बरा झाला असता!"

"घेऊ का मग?"

"घे! आत्ता जा! कोन धरते तुना!" आणि माझ्या हातातली पर्स आणि डबा ओढून घेऊन पुढे चालू लागल्या.

आत पाटावर दोन ताटं झाकून ठेवली होती. वालाचं बिरडं, भात, पापड. माझ्या ताटावरचं झाकण त्यांनी काढलं, वाढलेलं परत एकदा गरम केलं आणि मी पहिला घास घेतल्यावर मग स्वतःच्या ताटाला हात लावला.